पान तेच, पत्ता नवा!

एकपानी संकेतस्थळे आणि ‘क्लायंट-साइड राउटिंग’ची ओळख

– प्रतिनिधी

संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राऊजर उघडला, की वरच्या बाजूला एक अरुंद पट्टी दिसते. संकेतस्थळाचा पत्ता त्या पट्टीत असतो. बहुतेकांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. तरीही महाजालावरचा आपला रोजचा व्यवहार या पट्टीच्याच भरवशावर चालतो. आवडलेल्या मजकुराचा पत्ता उचलून मित्राला पाठवला तर त्याला तोच मजकूर दिसेल, ‘बॅक’चे बटण दाबले तर आपण एक पाऊल मागे जाऊ आणि पान ‘रिफ्रेश’ केले तर आहोत तेथेच राहू, या तीन गोष्टी आपण गृहीत धरलेल्या असतात.

गेल्या वीस वर्षांत संकेतस्थळे बांधण्याची पद्धत बदलली आणि या तिन्ही गृहीतकांना तडे गेले. पूर्वी ही तीन वचने ब्राऊजर आणि सर्व्हर आपसांत पाळत असत. आता असंख्य संकेतस्थळांवर ते काम पानाबरोबर आलेल्या एका प्रोग्रॅमकडे सोपवलेले असते. या प्रोग्रॅमला ‘राउटर’ म्हणतात आणि त्याच्या कामाला ‘क्लायंट-साइड राउटिंग’, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूने होणारे मार्गनिश्चितीकरण. घरातल्या इंटरनेटच्या डबीलाही राउटरच म्हणतात. पण ती माहितीची पाकिटे योग्य यंत्राकडे पोहोचवते. येथे ज्याची चर्चा आहे तो राउटर पत्ता वाचतो आणि पडद्यावर काय मांडायचे ते ठरवतो. त्याने काम चोख केले तर तो आहे हेही कोणाला कळत नाही. त्याने चूक केली की बॅकचे बटण भलतीकडे नेते आणि पाठवलेला दुवा मित्राकडे उघडत नाही.

पत्ता आणि पान : मूळ करार

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये महाजालाचा प्रस्ताव मांडला. या प्रणालीचे तीन आधारस्तंभ होते : पाने लिहिण्याची ‘एचटीएमएल’ ही भाषा, पानांची ने-आण करणारा ‘एचटीटीपी’ हा शिष्टाचार आणि प्रत्येक पानाला ओळख देणारा पत्ता, म्हणजेच ‘यूआरएल’. पत्त्याच्या रचनेचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये ‘आरएफसी १७३८’ या दस्तावेजात नोंदवले गेले.

या पत्त्याचे भाग टपालाच्या पत्त्यासारखेच असतात. सुरुवातीला शिष्टाचाराचे नाव, मग संकेतस्थळाचे नाव, त्यानंतर तिरप्या रेषांनी विभागलेला मार्ग, प्रश्नचिन्हापुढे काही जादा तपशील आणि सर्वांत शेवटी ‘#’ या चिन्हापुढचा तुकडा. हा शेवटचा तुकडा पुढे फार महत्त्वाचा ठरणार असल्याने त्याचा एक गुणधर्म आताच लक्षात ठेवायला हवा. ‘#’ पुढचा मजकूर ब्राऊजर सर्व्हरला कधीच पाठवत नाही. लांबलचक पानातल्या एखाद्या परिच्छेदावर थेट उडी मारता यावी एवढ्याच कामासाठी तो योजलेला होता. त्यासाठी सर्व्हरकडे पुन्हा जाण्याचे कारणच नव्हते.

या व्यवस्थेत एक पत्ता म्हणजे एक पान असा सरळ हिशेब होता. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली, की ब्राऊजर तो पत्ता सर्व्हरला कळवत असे, सर्व्हर संपूर्ण पान पाठवत असे, ब्राऊजर जुने पान पुसून नवे मांडत असे आणि भेट दिलेल्या पत्त्यांच्या यादीत एक नोंद करत असे. बॅकचे बटण या यादीवरच चालते. प्रोग्रॅमरला यासाठी काहीही करावे लागत नसे. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात चांगले पत्ते बदलत नाहीत, असे आग्रहाने मांडले होते. पत्ता एकदा जाहीर केला की तो जपणे ही संकेतस्थळ चालवणाऱ्याची जबाबदारी ठरते, हा त्यामागचा विचार.

पान न पुसता मजकूर बदलणे

या सरळ हिशेबाला एक मर्यादा होती. पानावरचा छोटासा भाग बदलायचा असला तरी पूर्ण पान नव्याने आणावे लागे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरण्याच्या काळात प्रत्येक टिचकीनंतर पडदा कोरा होई आणि मजकूर तुकड्यातुकड्याने उमटे. तो अनुभव अनेक वाचकांना आठवत असेल.

यावरचा उपाय ई-मेलच्या निमित्ताने पुढे आला. मायक्रोसॉफ्टने ‘आउटलुक वेब अ‍ॅक्सेस’ या सेवेसाठी विकसित केलेली एक सोय १९९९ मध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ५’ बरोबर उपलब्ध झाली. पुढे ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ या लांबलचक नावाने ती ओळखली गेली. तिच्या आधारे पानावरचा जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम सर्व्हरकडे गुपचूप विचारणा करू शकत होता आणि आलेल्या उत्तराने पानाचा हवा तेवढाच भाग बदलू शकत होता. उरलेले पान जागचे हलत नसे.

या तंत्राची ताकद सर्वसामान्यांना दिसली ती एप्रिल २००४ मध्ये आलेल्या जीमेलमुळे आणि फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गुगल मॅप्समुळे. नकाशा माउसने पकडून सरकवावा आणि पुढचा भाग आपोआप यावा, हे तोवर ब्राऊजरमध्ये फारसे पाहायला मिळाले नव्हते. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या तंत्रसमूहाला ‘एजॅक्स’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले. एकच पान सुरुवातीला उतरवून घ्यायचे आणि पुढचा सारा व्यवहार त्याच पानावर करायचा, या रचनेला पुढे ‘सिंगल-पेज अ‍ॅप्लिकेशन’ म्हणजे एकपानी अनुप्रयोग असे म्हटले जाऊ लागले.

वेग मिळाला, पण त्याची किंमत पत्त्याने मोजली. पान एकच असल्याने पत्ताही एकच राहिला. वाचक संकेतस्थळाच्या आत दहा पावले चालून गेला तरी ब्राऊजरच्या यादीत एकच नोंद असे. त्याने बॅकचे बटण दाबले की तो थेट संकेतस्थळाबाहेर फेकला जाई. सुरुवातीच्या गुगल मॅप्समध्ये पाहत असलेल्या जागेचा दुवा हवा असेल तर त्यासाठी पानावर वेगळी सोय ठेवावी लागली होती, कारण वरच्या पट्टीतला पत्ता नकाशाबरोबर बदलतच नव्हता. आज त्याच नकाशावर पुणे शोधून पाहावे. नकाशा सरकवला की पट्टीतले अक्षांश-रेखांश १८.५ आणि ७३.८ च्या आसपास बदलताना दिसतात. या दोन अवस्थांमधले अंतर म्हणजेच राउटिंगचा इतिहास.

‘#’ची पळवाट

पान नव्याने न आणता पत्ता बदलायचा कसा, हा पेच होता. पत्त्याचा मार्ग बदलला की ब्राऊजर लगेच सर्व्हरकडे धाव घेणार. सुटका दिसली ती ‘#’ या चिन्हात. त्यापुढचा तुकडा बदलला तर सर्व्हरकडे विचारणा होत नाही, पान हलत नाही आणि बहुतेक ब्राऊजर यादीत नवी नोंदही करतात. परिच्छेदावर उडी मारण्यासाठी योजलेल्या चिन्हावर प्रोग्रॅमरांनी पानाची अवस्था नोंदवायला सुरुवात केली.

ही जुळवाजुळव सुखाची नव्हती. तुकडा बदलला आहे हे कळवण्याची सोय ब्राऊजरमध्ये नसल्याने प्रोग्रॅमला ठरावीक अंतराने पत्ता पुन्हा पुन्हा तपासावा लागे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्या प्रोग्रॅमने केलेला असा बदल यादीत नोंदवतच नसत. त्यांच्यासाठी पानात एक अदृश्य चौकट ठेवून तिच्यामार्फत नोंदी करवून घेतल्या जात. २००९ मध्ये आलेल्या ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ८’ ने तुकडा बदलल्याची वर्दी देणारी ‘हॅशचेंज’ ही घटना दिली आणि इतर ब्राऊजरांनीही ती स्वीकारली. ही जुनी पद्धत आजही पाहता येते. संगणकाच्या ब्राऊजरमध्ये जीमेल उघडावे. पत्त्याच्या शेवटी ‘#’ आणि त्यापुढे इनबॉक्सचे नाव दिसेल.

हॅशबँगचा धडा

जीमेल हे खासगी टपाल आहे. ते गुगलच्या शोधात सापडावे अशी कोणाची अपेक्षा नसते. बातम्या, लेख आणि सार्वजनिक संदेश यांचे तसे नाही. ‘#’ पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचत नसल्याने शोधयंत्रांना अशा संकेतस्थळावर एकच पान दिसे. यावर तोड म्हणून २००९ मध्ये गुगलने एक योजना सुचवली. ‘#’ पुढे उद्गारचिन्ह द्यायचे. ते दिसले की गुगलचा यांत्रिक वाचक पत्त्याचे रूप बदलून सर्व्हरकडे वेगळी मागणी करील आणि सर्व्हरने त्याला तयार पान द्यावे. या जोडचिन्हाला ‘हॅशबँग’ हे नाव पडले.

सप्टेंबर २०१० मध्ये ट्विटरने (जुलै २०२३ पासून ‘एक्स’) नव्या रूपात हीच पद्धत अवलंबली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘गॉकर’ या अमेरिकी प्रकाशन समूहाने आपल्या साऱ्या संकेतस्थळांची पुनर्रचना करून तीच वाट धरली. ती जाहीर होताच जावास्क्रिप्टमध्ये बिघाड झाला आणि समूहातली संकेतस्थळे वाचकांसमोर कोरी उभी राहिली. सर्व्हर चालू होते आणि लेखही होते. मात्र पत्ता वाचून लेख मागवणारा प्रोग्रॅमच चालला नाही. साधा लेख वाचण्यासाठी एवढी मोठी यंत्रणा मध्ये का असावी, या प्रश्नावर त्यानंतर जगभरच्या प्रोग्रॅमरांत कडाक्याची चर्चा झाली.

ट्विटरने मे २०१२ मध्ये माघार घेतली. सुरुवातीचे पान पुन्हा सर्व्हरवर तयार करायचे ठरले आणि पत्त्यांतून हॅशबँग काढला गेला. या बदलांमुळे पान उघडण्याचा आरंभीचा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आल्याचे कंपनीने तेव्हा जाहीर केले. गुगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये आपली योजना मागे घेण्याची घोषणा केली. तोवर असे असंख्य पत्ते लेखांत, ई-मेलमध्ये आणि इतर संकेतस्थळांवर रुजलेले होते. ते नव्या पत्त्याकडे वळवण्याचे काम सर्व्हर करू शकत नाही, कारण त्याला ‘#’ पुढचे काही दिसतच नाही. वळवायचे तर मुखपृष्ठावर एक जावास्क्रिप्ट कायम पोसावी लागते. दीड-दोन वर्षांच्या सोयीसाठी घेतलेले हे कर्ज अनिश्चित काळ फेडत बसावे लागते.

‘पुशस्टेट’चे आगमन

खरा तोडगा ब्राऊजरमध्येच निघाला. ‘एचटीएमएल ५’ च्या मसुद्यात ब्राऊजरच्या यादीवर प्रोग्रॅमला मर्यादित अधिकार देणारी सोय मांडली गेली. २०१० आणि २०११ मध्ये क्रोम, सफारी व फायरफॉक्स यांत आणि २०१२ मध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर १०’ मध्ये ती आली. प्रोग्रॅमरांचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या ‘गिटहब’ने २०१० च्या अखेरीस आपल्या फायलींच्या यादीसाठी तिचा वापर केला.

या सोयीत तीन कळी आहेत. ‘पुशस्टेट’ यादीत नवी नोंद करते आणि पान न हलवता पट्टीतला पत्ता बदलते. ‘रिप्लेसस्टेट’ नवी नोंद न करता चालू नोंदीतच दुरुस्ती करते. वाचकाने बॅक किंवा फॉरवर्ड दाबले की ‘पॉपस्टेट’ ही वर्दी प्रोग्रॅमला मिळते. आता ‘#’ ची गरज उरली नाही; साधा, स्वच्छ मार्ग पत्त्यात दिसू लागला.

प्रोग्रॅमला असा अधिकार दिल्याने फसवणूक होणार नाही का, अशी शंका येणे रास्त आहे. एखादे बनावट पान पट्टीत बँकेचा पत्ता दाखवू लागले तर? नियम करणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. पुशस्टेटला आपल्याच संकेतस्थळाच्या हद्दीतला पत्ता लिहिता येतो. दुसऱ्याचे नाव लिहू गेल्यास ब्राऊजर ते धुडकावतो. म्हणूनच पट्टीतले संकेतस्थळाचे नाव तपासण्याची सवय एकपानी संकेतस्थळांच्या काळातही तितकीच उपयोगी आहे.

राउटर आत काय करतो?

समजा, एका ग्रंथालयाचे संकेतस्थळ आहे आणि वाचकाने बेचाळिसाव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या दुव्यावर टिचकी मारली. दुव्याचा मार्ग आहे ‘/पुस्तके/४२/प्रकरण/३’. राउटर ही टिचकी वाटेतच अडवतो आणि ब्राऊजरला सर्व्हरकडे जाऊ देत नाही. मग तो मार्गाची तुलना आपल्याजवळच्या नमुन्यांशी करतो. ‘/पुस्तके/अमुक/प्रकरण/तमुक’ हा नमुना जुळला, की अमुक म्हणजे ४२ आणि तमुक म्हणजे ३ हे त्याला कळते. त्यानुसार तो सर्व्हरकडून फक्त त्या प्रकरणाचा मजकूर मागवतो, मधल्या भागात मांडतो, पुशस्टेटने पत्ता बदलतो आणि पानाचा मथळा नवा करतो. वरची पट्टी, बाजूची यादी, शोधाची चौकट जागच्या जागी राहतात. एखादे गाणे वाजत असेल तर तेही थांबत नाही. ज्या संकेतस्थळांवर गाणी ऐकता ऐकता दुसरी यादी चाळता येते, त्यांचे रहस्य हेच.

वर्णन सोपे वाटले तरी बारकावे बरेच आहेत. दुवा नव्या खिडकीत उघडण्यासाठी वाचकाने कंट्रोलची कळ दाबून टिचकी मारली असेल, तर राउटरने ती अडवता कामा नये. नमुन्यांचा क्रम चुकला तर ‘/पुस्तके/नवीन’ या मार्गातला ‘नवीन’ हा शब्द पुस्तकाचा क्रमांक समजला जाऊ शकतो. यादीत खूप खाली गेलेला वाचक पुस्तक उघडून मागे आला तर त्याला यादीचा माथा न दिसता सोडलेली जागा दिसायला हवी. शोधाच्या चौकटीत तो एकेक अक्षर टंकत असताना प्रत्येक अक्षरागणिक नवी नोंद केली, तर पुढे त्याला तितक्याच वेळा बॅक दाबावे लागेल; तेथे रिप्लेसस्टेट हवे. कधी वाचक पहिल्या पुस्तकाचा मजकूर येण्याआधीच दुसरे पुस्तक निवडतो आणि पहिल्याचे उत्तर उशिरा पोहोचते. तेव्हा पत्ता दुसऱ्या पुस्तकाचा आणि मजकूर पहिल्याचा, अशी विसंगती होते. राउटरला जुनी मागणी रद्द करावीच लागते.

हे सारे प्रत्येकाने नव्याने लिहू नये म्हणून तयार साधने आली. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या ‘बॅकबोन’मध्ये राउटिंगची सोय होती. ‘अँग्युलर’ आणि ‘एंबर’ यांनी तिला मध्यवर्ती स्थान दिले. फेसबुकने मे २०१३ मध्ये खुल्या केलेल्या ‘रिअ‍ॅक्ट’मध्ये राउटर नव्हता, ती उणीव ‘रिअ‍ॅक्ट राउटर’ या स्वतंत्र साधनाने भरून काढली. ‘व्ह्यू’साठी ‘व्ह्यू राउटर’ आहे.

देवनागरी पत्त्यांची गोम

मराठी संकेतस्थळांपुढे यात आणखी एक अडचण असते. पत्त्याच्या मूळ नियमांत रोमन अक्षरांपलीकडच्या लिप्यांना थेट जागा नाही. देवनागरी अक्षरे आतून सांकेतिक रूपात पाठवली जातात : प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन अंश आणि प्रत्येक अंशासाठी टक्केचिन्हासह तीन खुणा. ‘पुणे’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांच्या ३६ खुणा होतात. मराठी विकिपीडियावरच्या लेखाचा दुवा ई-मेलमध्ये चिकटवला की टक्केचिन्हांची जी रांग उमटते, ती यामुळेच.

राउटरच्या दृष्टीने यात सापळा आहे. जावास्क्रिप्टला पत्त्याचा मार्ग या सांकेतिक रूपातच मिळतो. प्रोग्रॅमरने तो उलगडून न घेता ‘पुणे’शी ताडून पाहिला, तर दोन्ही कधीच जुळणार नाहीत. ‘ऱ्या’ हे मराठीचे खास जोडाक्षर तर त्याहून अवघड. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह आहे. तेच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते, आणि र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही ‘ऱ्या’ तसाच दिसू शकतो. डोळ्यांना ‘दऱ्या’ हा एकच शब्द दिसतो, पण पत्ते वेगवेगळे होतात. एकाने टंकलेला दुवा चालावा आणि दुसऱ्याने टंकलेला चालू नये, असा प्रकार त्यातून घडू शकतो. तुलनेआधी शब्दांना एकाच रूपात आणण्याची खबरदारी घ्यावी लागते. तिसऱ्या रूपासाठी तर युनिकोडची प्रमाणित पद्धतही पुरत नाही. वेगळा नियम लिहावा लागतो.

सर्व्हरशी समझोता

एकपानी संकेतस्थळ बांधणारा नवखा प्रोग्रॅमर एका प्रसंगातून हमखास जातो. आपल्या यंत्रावर सारे सुरळीत चाललेले असते. संकेतस्थळ लोकांसाठी खुले होते आणि कोणीतरी आतल्या पानावर असताना रिफ्रेश दाबतो. पडद्यावर ‘४०४’, म्हणजे पान सापडले नाही, असा शेरा येतो. कारण उघड आहे. रिफ्रेश केल्यावर ब्राऊजर तो पत्ता खरोखर सर्व्हरकडे मागतो आणि सर्व्हरवर तर एकच मूळ पान असते. ‘/पुस्तके/४२’ हे पान फक्त राउटरच्या कल्पनेत अस्तित्वात असते.

उपाय म्हणून सर्व्हरला सांगून ठेवावे लागते, की मागितलेली फाईल सापडली नाही तर तेच मूळ पान द्यावे. पुढचे राउटर पाहून घेईल. ‘अपाचे’ आणि ‘एनजिनएक्स’ या प्रचलित सर्व्हरांत यासाठी थोड्या ओळींची तरतूद पुरते. मात्र त्यामुळे दुसरी अडचण उभी राहते. आता कोणताही पत्ता, अगदी चुकीचाही, सर्व्हर यशस्वी असल्याचे सांगून पुरवू लागतो. पडद्यावर ‘पान सापडले नाही’ असे लिहिलेले असले तरी शोधयंत्राला सर्व काही ठीक असल्याची खूण मिळते. गुगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणते.

सुरक्षेबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. लॉग-इन न केलेल्याला राउटर आतल्या पानावर जाऊ देत नाही, अशी योजना सर्रास असते. ती सोय आहे, कुलूप नव्हे. राउटर वाचकाच्याच ब्राऊजरमध्ये चालतो, त्यामुळे जाणकार माणूस त्याला सहज वळसा घालू शकतो. खासगी माहिती द्यायची की नाही, हा निर्णय दर वेळी सर्व्हरनेच घ्यायला हवा.

न दिसणारा बदल

अंध व्यक्ती पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’च्या मदतीने महाजाल वापरतात. पारंपरिक पद्धतीत नवे पान आले, की हा प्रोग्रॅम त्याचा मथळा वाचून दाखवतो आणि सुरुवातीपासून मजकूर सांगू लागतो. राउटरने पानाचा मधला भाग बदलला तर ब्राऊजरच्या लेखी नवे पान आलेलेच नसते. डोळस माणसाला बदल दिसतो. अंध व्यक्तीला टिचकीनंतर केवळ शांतता मिळते. दुवा चालला की नाही, हेही समजत नाही. राउटरने पानाचा मथळा बदलणे, कळफलकाचा रोख नव्या मजकुराच्या शीर्षकावर नेणे आणि बदलाची घोषणा होईल अशी तरतूद करणे, हे त्यासाठी आवश्यक असते. ही कामे न केल्यास बहुसंख्य वापरकर्त्यांना काहीच फरक जाणवत नाही. म्हणूनच ती राहून जातात.

दुसरा प्रश्न स्वस्त मोबाइल आणि मंद जोडणी असलेल्यांचा. एकपानी संकेतस्थळात पहिल्या भेटीला सगळा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा लागतो आणि तो चालल्याखेरीज पहिले अक्षरही दिसत नाही. पुढच्या टिचक्या जलद होतात खऱ्या. पण ज्याला एकच लेख वाचून निघून जायचे आहे, त्याला त्या वेगाचा काय उपयोग? प्रोग्रॅमचे मार्गानुसार तुकडे करून लागेल तेवढाच भाग पाठवण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली.

पुन्हा सर्व्हरकडे

ट्विटरने २०१२ मध्ये धरलेली परतीची वाट पुढे राजमार्ग झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या ‘नेक्स्ट’सारख्या साधनांनी दोन्ही पद्धतींची सांगड घातली. पहिले पान सर्व्हरवर तयार होऊन येते, त्यामुळे मजकूर लगेच वाचता येतो आणि शोधयंत्रालाही दिसतो. त्यानंतर जावास्क्रिप्ट जागी होते आणि पुढच्या टिचक्या राउटर हाताळतो.

ब्राऊजरांनीही आपली बाजू सुधारली. पुशस्टेटची रचना विस्कळीत असल्याची तक्रार जुनी होती. २०२२ मध्ये क्रोमने ‘नेव्हिगेशन एपीआय’ ही नवी सोय आणली. तीमुळे दुव्यावरची टिचकी, बॅकचे बटण आणि प्रोग्रॅमने केलेला बदल यांची दखल एकाच ठिकाणी घेता येते. पाने बदलताना सफाईदार संक्रमण दिसावे हे एकपानी रचनेचे मोठे आकर्षण होते. २०२४ मध्ये क्रोमने ते वेगवेगळ्या पानांमध्येही शक्य केले. वर्तमानपत्र, ज्ञानकोश, शासकीय माहिती अशा वाचनप्रधान संकेतस्थळांना आता केवळ देखणेपणासाठी एकपानी होण्याची गरज उरलेली नाही. नकाशे, टपाल, संगीत किंवा एकत्रित लेखन यांसारख्या सेवांना मात्र हीच रचना शोभते, कारण तेथे पान पुसले गेले तर काम मोडते.

पाच कसोट्या

एखादे संकेतस्थळ पत्त्याचे वचन पाळते की नाही, हे तपासायला प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. संस्थेसाठी किंवा व्यवसायासाठी संकेतस्थळ करवून घेणाऱ्यांनी तर ताबा घेण्याआधी ही तपासणी करावीच.

१. आतल्या एखाद्या पानाचा पत्ता उचलून दुसऱ्या मोबाइलवर उघडावा. तेच पान दिसायला हवे. लॉग-इन लागत असेल, तर लॉग-इननंतर मुखपृष्ठावर न जाता त्याच पानावर पोहोचायला हवे.

२. तीन-चार पाने आत जाऊन बॅकचे बटण एकेकदा दाबावे. प्रत्येक वेळी नेमके एकच पाऊल मागे जावे आणि लांब यादीत सोडलेली जागा परत मिळावी.

३. कोणत्याही पानावर रिफ्रेश करावे. पान तेच राहावे. ‘४०४’चा शेरा येऊ नये.

४. पत्त्यात मुद्दाम चूक करून पाहावी. कोरे पान न येता चूक सांगणारा स्पष्ट मजकूर आणि परतीची वाट मिळावी.

५. पाने बदलताना ब्राऊजरच्या टॅबवरचा मथळा बदलतो का, ते पाहावे. तो बदलत नसेल, तर अंध वापरकर्त्यांचा विचार झालेला नाही अशी शंका घ्यायला जागा आहे.

क्लायंट-साइड राउटिंग हे तंत्र चांगले की वाईट, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ब्राऊजर आणि सर्व्हर जे काम मुकाट्याने करत होते, ते प्रोग्रॅमरने स्वतःच्या अंगावर घेतले आहे, एवढे त्याने विसरू नये. दुवा पाठवणारा माणूस समोरच्याला एक जागा दाखवत असतो. त्या पत्त्यावर उद्या, पुढच्या वर्षी आणि त्यानंतरही तीच गोष्ट सापडणे, ही महाजालाची मूळ उपयुक्तता आहे. पडद्यावर पान एक असो वा हजार, पत्त्याचा शब्द खरा ठरला पाहिजे.